ब्रेक ऑइल गेले कुठे?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. माझ्याकडे मार्च २०११ मध्ये नोंदणी झालेली, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस नाही. पोळ्याच्या सुमारास वळणावर मीटरमधील ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागू लागला. गॅरेजमध्ये बाटलीत ब्रेक ऑइल टाकून दिले आणि दिवा बंद झाला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा लागू लागला, आता उतारावरही लागतो. एका इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की सेन्सर जुना झाला आहे, ब्रेक ऑइलच्या बाटलीवरील सेन्सरच्या तारेची पिन काढून टाका, म्हणजे पासिंगच्या वेळीही दिवा दिसणार नाही. गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होत असल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण करायचे आहे. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाते असे पत्नी म्हणते; मला तसे जाणवत नाही. हँडब्रेक अकरा-बारा खटके ओढूनही अंगणातील उतारावर चाकाला दगड लावावा लागतो. वडिलांना दर पंधरा दिवसांनी यवतमाळच्या दवाखान्यात न्यावे लागते आणि दिवाळीच्या सुटीत चिखलदऱ्याला जाण्याचा विचार आहे. पिन काढावी का?

ता. क. चुलतभावाच्या जुन्या डिझेल जीपचे ब्रेक पेडल अधूनमधून दगडासारखे कडक होते आणि त्याच वेळी बॅटरीचा दिवा लागतो. बॅटरीचा आणि ब्रेकचा संबंध काय?

उत्तर :

गुरुजी,

पिन काढू नका, आणि ब्रेकचे काम पूर्ण होईपर्यंत वडिलांना यवतमाळला एसटीने न्या. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती आपल्याच पत्रात वेगवेगळ्या ओळींत विखुरलेली आहे. ती एका जागी आणून पाहिली की बिघाड गाडीच्या कोणत्या भागात असावा, हे गाडी न पाहताही बऱ्याच खात्रीने सांगता येते.

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस असलेला हा लाल दिवा आपल्यासारख्या साध्या गाडीत दोन कारणांनी लागतो. हँडब्रेक ओढलेला असेल तर तो लागतो आणि ब्रेक ऑइलची पातळी किमान खुणेपर्यंत उतरली तरीही लागतो. हँडब्रेकच्या दांडीच्या बुडाशी एक छोटा दाबाचा स्विच असतो. ऑइलच्या बाटलीत तरंगणारा एक गोळा असतो आणि तो खाली उतरला की त्यातील लोहचुंबकामुळे दुसरा स्विच जोडला जातो. दोन्ही स्विचांच्या तारा एकाच दिव्याकडे जातात, त्यामुळे निरोप कोणाकडून आला हे दिव्याकडे पाहून कळत नाही, परंतु तो केव्हा आला यावरून बहुधा कळते. खड्ड्यातून जाताना दिवा लुकलुकत असेल आणि हँडब्रेकची दांडी हाताने खाली दाबल्यावर विझत असेल, तर दोष दांडीखालच्या स्विचमध्ये असतो. तेथे धूळ साचते, पत्रा वाकतो, क्वचित उंदीर तार कुरतडतात. आपला दिवा मात्र वळणावर आणि उतारावर लागतो, म्हणजे बाटलीतील ऑइल ज्या क्षणी एका बाजूला कलंडते त्या क्षणी लागतो, आणि ऑइल भरल्यावर तो विझला होता. पातळी किमान खुणेजवळ आल्याचे याहून स्पष्ट लक्षण नाही. बाटलीतील बिघडलेला स्विच बहुधा दिवा कायम लावून ठेवतो किंवा कधीच लावत नाही; वळण पाहून दिवा लावणारा आणि ऑइल भरल्यावर गप्प बसणारा स्विच जुना असेल, पण तो आपले काम चोख करतो आहे.

आता खरा प्रश्न पातळी का उतरली हा आहे, आणि पहिल्या गॅरेजमध्ये तो कोणी विचारला नाही याचे मला वाईट वाटते. इंजिन ऑइल थोडेफार जळते, पेट्रोल तर जळण्यासाठीच असते, परंतु ब्रेक ऑइल जळत नाही, झिजत नाही आणि वापरून संपतही नाही. बंद नळ्यांतून ते फक्त पायाचा दाब चाकापर्यंत नेते. म्हणून बाटलीतील पातळी उतरली असेल तर ते ऑइल एक तर ब्रेकच्या आतच दुसऱ्या जागी जाऊन बसले आहे किंवा बाहेर गेले आहे. तिसरी शक्यता नाही.

आत जाऊन बसणे म्हणजे काय, ते थोड्या हिशेबाने समजेल. पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा, ते पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधील पिस्टन कायमचा थोडा-थोडा पुढे सरकतो आणि त्याच्या मागे मोकळी झालेली जागा ऑइल भरून काढते. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर धरला, आणि एका चाकाचे दोन्ही पॅड प्रत्येकी सात मिलिमीटर झिजले असे मानले, तर पिस्टन चौदा मिलिमीटर पुढे येतो आणि त्याच्या मागे सुमारे २७ मिलिलिटर ऑइल जाते. दोन्ही पुढच्या चाकांचे मिळून ५०-५५ मिलिलिटर होतात, आणि छोट्या गाडीच्या बाटलीत एवढ्यानेही पातळी चांगलीच खाली दिसते. पण हे काम हजारो किलोमीटरमध्ये, कित्येक महिन्यांत, सावकाश होते. त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत पातळी हळूहळू किमान खुणेवर आली असेल, तर ऑइल भरण्याआधी पॅड तपासावेत. पॅड संपत आल्याची ती एक सूचना असते. अशा वेळी न तपासता बाटली काठोकाठ भरली, आणि पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला, की जास्तीचे ऑइल बाटलीतून उतू जाऊन बॉनेटखालचा रंग खाऊन टाकते.

आपल्या बाबतीत वरपर्यंत भरलेले ऑइल तीन आठवड्यांत पुन्हा किमान खुणेवर आले. पॅड तीन आठवड्यांत एवढे झिजत नाहीत. ऑइल बाहेर जात आहे.

आता हँडब्रेकविषयी आपण लिहिलेली ओळ पाहा. आपल्या दृष्टीने ती वेगळी तक्रार असावी, पण मला ती याच तक्रारीचा दुसरा अर्धा भाग वाटते. अशा गाडीत हँडब्रेकची केबल मागच्या दोन ड्रममधील लायनरच (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर) बाहेर ढकलते. केबल नीट जुळवलेली असेल तर सहा-सात खटक्यांत गाडी धरली जाते. आपल्याला अकरा-बारा खटके लागतात आणि तरीही गाडी धरत नाही, म्हणजे लायनर फार झिजले आहेत, त्यांचे अंतर जुळवणारी यंत्रणा गंजून अडकली आहे, किंवा लायनरवर ऑइल पसरून ते निसरडे झाले आहेत. एकीकडे ऑइल बाहेर जात असताना दुसरीकडे मागचे लायनर पकडेनासे होतात, तेव्हा पहिला संशय मागच्या व्हील सिलिंडरवर घ्यावा. ड्रमच्या आत हाताच्या बोटाएवढा हा सिलिंडर असतो, त्याच्या दोन्ही टोकांना रबरी कप असतात, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीत सिलिंडरच्या आतील पृष्ठभागाला गंजाचे चट्टे पडून ते रबर कापले जाते. आपल्याकडे पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला थरावर थर बसते, वाळली की दगडासारखी होते आणि ओल धरून ठेवते. त्यामुळे मागच्या चाकांचे हे भाग डांबरी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा लवकर गंजतात, असा माझा आयटीआयच्या कार्यशाळेतील अनेक वर्षांचा अनुभव आहे.

पेडलच्या बाबतीत मी आपल्या पत्नीचे म्हणणे ग्राह्य धरतो. रोज गाडी चालवणाऱ्याचा पाय पेडलच्या रोजच्या किंचित घसरणीशी नकळत जुळवून घेतो. अधूनमधून गाडी हाती घेणाऱ्याला मागच्या खेपेचा आणि आजचा फरक चटकन जाणवतो. आपण एक साधी परीक्षा करून पाहू शकता. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधील साठलेला जोर संपेल, आणि मग ते मध्यम जोराने दाबून मिनिटभर तसेच धरून ठेवा. पेडल पायाखाली हळूहळू बसत गेले, तर ऑइल कोठून तरी बाहेर पडते आहे किंवा पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतील रबर दाब धरत नाही. त्यानंतर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. या परीक्षेत पेडल अजिबात बसले नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका, कारण व्हील सिलिंडरची बारीक गळती दिवसाला काही थेंबांची असते आणि ती मिनिटभरात पायाला कळत नाही.

ती डोळ्यांनी शोधावी लागते. सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागी उभी राहिल्यानंतर, मागच्या दोन्ही टायरांची आतली बाजू आणि ड्रमच्या मागील पत्र्याचा खालचा काठ टॉर्चच्या उजेडात पाहा. वाळलेल्या मातीवर एखादा ओला, काळपट ओघळ दिसला, तर त्याचा थेंब बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. इंजिन ऑइल किंवा ग्रीस मिसळत नाही, वर तरंगते. हात नंतर भरपूर पाण्याने धुवा, आणि गाडीच्या रंगावर थेंब पडला असेल तर पुसत न बसता लगेच पाणी ओता. मागे काही सापडले नाही तर पेडलच्या वरच्या बाजूचा गालिचा आणि मास्टर सिलिंडर जेथे बूस्टरला जोडलेला असतो तेथील रंग पाहा. तेथे रंगाला फोड आले असतील किंवा तो सोलून निघत असेल, तर मास्टर सिलिंडरचे मागचे रबर गेले आहे. ही गळती फसवी असते, कारण ऑइल जमिनीवर न पडता बूस्टरच्या पोटात साचते आणि गाडीखाली कितीही पाहिले तरी डाग सापडत नाही. पुढच्या चाकांपाशी येणारे रबरी होज आणि गाडीखालून मागे जाणाऱ्या नळ्याही पाहून घ्याव्यात. गाडी वावरापर्यंत नेण्याची सवय असेल तर हे विशेष काळजीने करा, कारण कापणीनंतर उरलेली पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटे गाडीखालच्या नळीला आणि होजला ओरखडे पाडतात आणि पुढे तेथूनच गंज सुरू होतो.

घरच्या घरी एवढेच करावे. ड्रम उघडण्याचे काम मिस्त्रीकडे द्या, आणि गाडी तेथपर्यंत नेताना पातळी भरून, गर्दीची वेळ टाळून, सावकाश न्या; पेडल जमिनीपर्यंत जात असेल तर तीही न नेता मिस्त्रीलाच घरी बोलवा. आजच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते, आणि छोट्या गाड्यांत बहुधा एका भागावर पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक, तर दुसऱ्यावर उरलेली दोन चाके असतात. एक भाग पूर्ण रिकामा झाला तरी दुसऱ्यावर गाडी थांबते, पण पेडल खोल जाते, थांबायला लागणारे अंतर खूप वाढते आणि गाडी एका बाजूला ओढते. एका मागच्या चाकातील गळतीमुळे एक पुढचे चाकही हातचे जाऊ शकते, ते याच कारणाने.

मिस्त्रीशी बोलताना काही गोष्टींचा आग्रह धरा. व्हील सिलिंडर एका बाजूचा गळत असला तरी दोन्ही बाजूंचे बदलावेत. दुसराही त्याच वयाचा आहे. फक्त रबर कपांचे किट बदलून जुनाच सिलिंडर ठेवण्याचा स्वस्त उपाय सुचवला गेला, तर आतील भाग आरशासारखा गुळगुळीत आहे का ते स्वतः पाहा, कारण गंजाच्या चट्ट्यांवर नवे रबर बसवले तर ते काही महिन्यांत पुन्हा कापले जाते. ऑइलने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. ती मान्य करू नका. लायनरच्या आत मुरलेले ऑइल तापल्यावर पुन्हा वर येते, आणि मग जोरात ब्रेक दाबला असता एक मागचे चाक अडकते तर दुसरे फिरत राहते. ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसायला सांगा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुफ्फुसांना घातक आहे. शेवटी नळ्यांत शिरलेली हवा काढताना एक जण पेडल दाबतो आणि दुसरा चाकापाशी स्क्रू सैल करतो, तेव्हा पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवायला सांगा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे रबर जेथपर्यंत जाते त्याच्या पुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज बसलेला असतो. पेडल जमिनीपर्यंत दाबले की रबर त्या गंजावरून घासले जाते, आणि मागचे काम करायला गेलेली गाडी पुढच्या आठवड्यात मास्टर सिलिंडरसाठी परत येते.

आता ऑइलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडील निम्मे घोटाळे या नावाने केले आहेत. आपण सगळेच त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, मीही येथे तेच म्हणत आलो आहे, पण ते खनिज तेल नव्हे; ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनवलेला तो द्रव आहे, आणि ब्रेकमधील रबर त्याच द्रवाला मानवेल असे बनवलेले असते. ऑइल म्हटले की ऑइल, असे समजून कोणी बाटलीत इंजिन ऑइल, गिअर ऑइल किंवा स्टीअरिंगचे तेल ओतले तर रबर फुगते. आमच्या कार्यशाळेत एकदा अशी गाडी आली होती; तिच्या मालकाने प्रवासात दिवा लागला म्हणून हाताशी असलेले गिअर ऑइल ओतले होते. रबर फुगल्यामुळे मास्टर सिलिंडरमधील परतीचे छिद्र बंद झाले, दाबलेला ब्रेक सुटेना, आणि चारही चाके हात लावता येणार नाही इतकी तापली. त्या गाडीतील रबराचा एकही तुकडा वाचवता आला नाही. सगळे सिलिंडर, होज आणि मास्टर सिलिंडर बदलावे लागले. म्हणून पहिल्या गॅरेजमध्ये आपल्या बाटलीत नेमके काय ओतले, तो डबा कोणता होता, हे आधी विचारून घ्या.

बाटलीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते आणि तेच वापरावे. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळले तरी रबराला अपाय होत नाही, पण नुसता डॉट ५ हा सिलिकोनचा वेगळाच द्रव आहे, तो यात चालत नाही. डबा सीलबंद असावा. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. उघडा डबा गॅरेजच्या फळीवर एक पावसाळा काढतो तेव्हा तो ओतण्यालायक राहत नाही, मग त्यात कितीही शिल्लक असो.

ही ओल का महत्त्वाची आहे, ते चिखलदऱ्याच्या बेताशी जोडलेले आहे. ताज्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर पुढच्या डिस्क सहज याहून अधिक तापतात, ती उष्णता कॅलिपरमधील द्रवापर्यंत पोहोचते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल दाबले तरी जोर बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि पाय थेट जमिनीला टेकतो. पुष्कळ वर्षांपूर्वी चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना मी स्वतः हे अनुभवले आहे. मुलांना शिकवणारा माणूस, पण माझ्याच गाडीचे ऑइल सहा वर्षे बदललेले नव्हते. एका वळणाआधी पेडल रिकामे लागले. पहिल्या गिअरमध्ये आणून आणि हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. अर्ध्या तासाने चाके निवली, वाफेचे पुन्हा पाणी झाले, आणि पेडल काहीच घडले नसल्यासारखे पूर्ववत झाले. त्या सगळ्या वेळात मीटरमधील लाल दिवा एकदाही लागला नव्हता, आणि लागणारही नव्हता, कारण बाटली पूर्ण भरलेली होती. तो दिवा ऑइल किती आहे एवढेच सांगतो, कसे आहे ते सांगत नाही.

म्हणून मागचे काम होईल तेव्हाच जुने ऑइल सर्व चाकांतून पूर्ण काढून नवे भरून घ्या, आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी ते बदला. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. ज्या गिअरमध्ये चढण चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत टेकवून न ठेवता थोडा वेळ ठाम दाबून सोडत जा, आणि पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याचा मोह कोणी सोबतीने दाखवला तरी टाळा. इंजिन बंद झाले की बूस्टरचा जोर दोन-तीन दाबांत संपतो. काम झाल्यानंतर किमान दोन आठवडे गावाच्या आसपास गाडी वापरून, बाटलीवर पेनने पातळीची खूण करून ती जागची हललेली नाही याची खात्री झाली, तरच घाटाचा बेत कायम ठेवा.

पासिंगचा मुद्दा राहिला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ती पुढील पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, हे आपल्याला माहीत आहेच. पिन काढून दिवा विझवला तरी हँडब्रेक गाडी धरत नाही आणि मागचे ड्रम ओले आहेत, हे तपासणाऱ्याला लपणार नाही. आणि समजा लपले, तरी त्या कागदावर पुढची पाच वर्षे वडिलांना घेऊन जाणारे आपणच आहात. एक गोष्ट मात्र आताच पाहून ठेवा : हँडब्रेक ओढलेला असताना चावी फिरवली की लाल दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास बल्ब, फ्यूज किंवा हँडब्रेकचा स्विच गेला आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ही परीक्षा पहिल्या मिनिटात करावी, कारण दिवा मुद्दाम मारून विकलेल्या गाड्या बाजारात असतात. तिच्यात बल्ब शाबूत असल्याचे कळते, बाटलीची तार शाबूत आहे की नाही ते कळत नाही; त्यासाठी हँडब्रेक सोडून बाटलीतील गोळा स्वच्छ काडीने खाली दाबून पाहावा लागतो, किंवा ज्या गाडीत गोळा झाकणालाच जोडलेला असतो तेथे झाकण उघडून वर उचलले की पुरते.

आपल्या गाडीत एबीएस नाही, म्हणून एबीएसच्या पिवळ्या दिव्याविषयी थोडक्यातच लिहितो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस बंधनकारक झाले, त्यामुळे गावातील नव्या गाड्यांत तो दिवा आपल्याला दिसेल. एकटा पिवळा दिवा लागून राहिला तर साधे ब्रेक काम करत असतात, फक्त चाक अडकू न देण्याची सोय बंद पडलेली असते; कारण बहुधा चाकाजवळच्या सेन्सरवर बसलेला चिखल किंवा तुटलेली तार असते. पिवळा आणि लाल दोन्ही एकदम लागले, तर मात्र गाडी तेथेच थांबवून आधी बाटलीतील पातळी पाहावी.

चुलतभावाच्या जीपचा बॅटरीशी संबंध खरोखरच आहे, आणि तो एका पट्ट्याचा आहे. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जो निर्वात तयार होतो त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो; डिझेल इंजिनात तसा निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि अनेक जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. अल्टरनेटर फॅनबेल्टवर फिरतो. बेल्ट सैल होऊन घसरला की एकाच वेळी बॅटरीचे चार्जिंग थांबते आणि बूस्टरचा जोर जातो : एकीकडे दिवा लागतो, दुसरीकडे पेडल कडक होते. जुन्या रेल्वेगाड्यांच्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये निर्वात गेला की ब्रेक आपोआप लागत असे. मोटारीत तसे होत नाही, येथे निर्वात गेला की सगळा भार पायावर येतो. अशा वेळी पेडल पुन:पुन्हा दाबू नये, उरलासुरला निर्वातही त्यात संपतो. एकदाच, दोन्ही पाय लावावे लागले तरी लावून, जोराने दाबून धरावे. आपल्या गाडीसारखे पेडल खाली जात असेल, तर मात्र उलट भराभर दाबावे, म्हणजे थोडा दाब परत मिळतो. त्यांनी बेल्टचा ताण, त्याला पडलेल्या चिरा, आणि पंपापासून बूस्टरपर्यंत जाणारा रबरी पाइप एवढे आधी पाहावे; त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही असेल तर इंजिन तापण्याची भीतीही आहे. बेल्ट पाहायला पाच मिनिटे लागतील. आपली गाडी मात्र ड्रम उघडेपर्यंत अंगणातच राहू द्या, पहिल्या गिअरमध्ये, आणि दगड एकाऐवजी दोन चाकांना लावा.